घटनेतली मासळी : गावोगावच्या मंडळांच्या सचिवांना खुले पत्र

प्रिय सचिव मंडळी,
सप्रेम नमस्कार.

आमचे गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. समुद्र पाहायचा तर दोन बसगाड्या बदलाव्या लागतात. तरीही आमच्या भजनी मंडळाच्या घटनेत नववा उद्देश आहे तो असा : ‘मच्छीमार बांधवांच्या आर्थिक व सामाजिक उन्नतीसाठी झटणे.’ हे वाक्य तिथे कसे आले ते मला पक्के ठाऊक आहे, कारण ते मीच आणले. २०१३ साली नोंदणीची घाई होती आणि घटना कशी लिहितात हे गावात कुणालाच माहीत नव्हते. किनाऱ्याकडच्या एका मंडळाचा सचिव माझ्या ओळखीचा. त्याला फोन केला, तुमची घटना पाठव रे म्हटले. त्याने झेरॉक्स पाठवली. तीत कापूस उत्पादकांचे हित जपण्याचेही कलम होते, म्हणजे त्यानेही ती घाटावरून कुठून तरी उचलली असणार. कापूस मी काढला, देवाचे आणि गावाचे नाव बदलले, टाईप करून घेतले. मासळी राहून गेली. बारा वर्षांत ती नोंदणीच्या खिडकीतून गेली, ऑडिटरच्या हाताखालून गेली, तीन अनुदानांच्या फायलींत जाऊन परत आली. कुणाला वास आला नाही.

येत्या सर्वसाधारण सभेत मी सचिवपद सोडतो आहे. कपाटाची किल्ली देण्याआधी तुमच्याशी चार गोष्टी बोलाव्यात म्हणून हे पत्र. अनुदान देणाऱ्या सरकारी खात्याला लिहिले नाही, कारण खात्याकडे पत्रे पुष्कळ जातात आणि त्यांचे काय होते ते तुम्ही माझ्याइतकेच जाणता. शिवाय खात्याला मंडळ दिसतच नाही, फाईल दिसते. मंडळाला खाते दिसत नाही, फक्त ‘मंजूर’ किंवा ‘त्रुटी’ एवढेच ऐकू येते. दोन्ही बाजू दिसतात त्या उंबरठ्यावर बसलेल्या सचिवाला, म्हणजे तुम्हांला.

२०१२ च्या आधी आमच्या मंडळाला ना अध्यक्ष होता ना खजिनदार. एक पेटी, एक पखवाज, टाळांचे आठ जोड आणि एक पत्र्याचा डबा होता. डबा पखवाजवाल्या काकांच्या घरी, देवघराखालच्या फळीवर. एकादशीला आणि सप्ताहाला भजन, चवथीला घरोघर घुमट (मातीच्या घटाला कातडे लावलेले वाद्य) वाजवून आरत्या, जत्रेला नाटक. पैसा लागला की खाणीवर जायचे. ट्रकमालक आणि खाणवाले देणगी देत. त्यांना पावती नको असे, फक्त नाटकाच्या रात्री रंगमंचावर नारळ द्यावा एवढी अपेक्षा. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. मधे काही काळ त्या सुरू झाल्या, पण फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाल्यावर ते दारही लागले. गावातल्या ट्रकांच्या टपावर गवत उगवले. मग नाटकाला पैसा कुठला? सरकारी अनुदान. अनुदान कुणाला? नोंदणीकृत संस्थेला. नोंदणी कशी? १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, किमान सात सदस्य दाखवून. (तो कायदा झाला तेव्हा गोव्यावर त्याचा काही अंमल नव्हता. मुक्तीनंतर तो आमच्या मानगुटीवर बसला.)

नियमाने बसणारे भजनी आम्ही पाच. बाकीचे सप्ताहाला येणारे, मुंबईहून जत्रेला येणारे, मन झाले तर येणारे. सात भरायचे म्हणून दुकानदाराला घेतले आणि पंचायतीत कारकून असलेल्या एकाला. दोघेही बेसूर. मी पतसंस्थेत नोकरीला होतो म्हणून सचिव. दुकानदाराच्या बँक खात्याची कागदपत्रे अद्ययावत म्हणून तो खजिनदार. ऑनलाईन अर्ज आले तेव्हा सहसचिव नावाचे पद निघाले आणि टाळ कधी हातात न धरलेला एक हुशार मुलगा त्यावर बसला. आज मंडळात सगळ्यात जास्त शब्द त्याचा चालतो, कारण पासवर्ड त्याच्याकडे आहे. त्याच्यावर राग नाही. पण पाहा, पैसा येण्याची वाट बदलली आणि पाच-सहा वर्षांत मंडळाची उतरंड उलटी झाली. पखवाजवाले काका आता ‘सल्लागार’ आहेत. सल्ला मागायला कुणी जात नाही.

हे फक्त आमच्याकडेच झाले असे मी समजत होतो. माझी पुतणी विद्यापीठात व्यवस्थापन शिकली. तिने सांगितले की या गोष्टीला चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच नाव पडले आहे. १९७७ मध्ये जॉन मेयर आणि ब्रायन रोवन या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी लिहिले की संस्थेची कागदावरची रचना तिच्या कामाच्या गरजेतून येतेच असे नाही. भोवतालच्या जगात ‘चांगली संस्था अशी असते’ असा जो समज रूढ असतो, त्याच्या साच्यात ती ओतली जाते. त्या साच्यात बसले की मान मिळतो, पैसा मिळतो, कुणी फारसे खोलात जात नाही. १९८३ मध्ये पॉल डिमॅजिओ आणि वॉल्टर पॉवेल यांनी विचारले की एका क्षेत्रातल्या संस्था काही काळाने एकमेकींसारख्या का दिसू लागतात. त्यांना तीन प्रकारचे दाब सापडले. एक, कायद्याचा आणि ज्याच्या पैशावर आपण अवलंबून त्याचा. दुसरा नकलेचा : काय करावे कळेनासे झाले की माणूस यशस्वी दिसणाऱ्या शेजाऱ्याची झेरॉक्स काढतो. तिसरा शिकलेल्या जाणकारांचा, ज्यांचे एकसारखे शिक्षण झालेले असते आणि ‘बरोबर पद्धत’ काय ते जे ठरवतात. मी तिला घटनेतली मासळी दाखवली. ती हसून म्हणाली, काका, हे परीक्षेत उदाहरण म्हणून लिहायला हवे होते.

पहिला दाब गोव्याला नवा नाही. पोर्तुगीज आल्यावर थोड्याच वर्षांत, १५२६ मध्ये, गावकारीच्या, म्हणजे गावची जमीन आणि कारभार सामाईकपणे पाहणाऱ्या गावसंस्थेच्या, चालीरीती लेखी बांधल्या गेल्या. गावकारांच्या तोंडी जे होते ते कागदावर आले, कारण राज्याला महसूल हवा होता आणि महसुलाला कागद लागतो. देवस्थानांना १९३३ चा कायदा लागला. आज देवळाच्या कमिटीत अध्यक्ष, सचिव, खजिनदार, मुखत्यार हीच चार नावे ऐकू येतात आणि प्रशासक म्हणून मामलेदार असतो. देव वेगवेगळे, जत्रा वेगवेगळ्या, कमिटी मात्र एका साच्यातली. मुखत्यार हे पद आपल्या पूर्वजांना स्वप्नात येऊन देवाने सांगितले नव्हते. पण आज कुणी ते काढू म्हणेल तर जत्रेत मारामारी होईल. आणलेली गोष्ट तीन पिढ्यांत परंपरा होते, हेही सचिवाने ध्यानात ठेवावे.

घुमटाचेच घ्या. वडील वाजवीत त्या घुमटाला घोरपडीचे कातडे होते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला हात लावायची सोय उरली नाही, आणि ते योग्यच झाले. आता बकऱ्याचे कातडे असते. जाणत्या कानाला फरक कळतो. पण आरत्या बंद पडल्या नाहीत. शामेळ आणि कांसाळे ही वाद्ये जोडीला आहेत, मुले वाजवतात. कायद्याने कातडे बदलले, हात बदलले नाहीत.

नाटकाचे मात्र तसे झाले नाही, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे.

आमच्या जत्रेत पालखी देवळाला लागली की मग पडदा वर जायचा. म्हणजे रात्रीचे साडेअकरा-बारा. संगीत नाटक असेल तर एकेका पदाला वन्स मोअर, पहिल्या अंकानंतर चहा, दुसऱ्यानंतर लिलाव, आणि शेवटचा प्रवेश संपायच्या वेळेला साखळीची पहिली बस हॉर्न वाजवीत असायची. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, आणि सणा-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकते. नियम वाईट नाही. आजारी माणसे आहेत, परीक्षेची मुले आहेत. पण गावाने त्यावर उत्तर काय काढले? नाटक पालखीच्या आधी आणले. साडेआठला पडदा, अकराला समाप्त, सव्वाअकराला पालखी. देवाच्या आधी नट. आमच्या भटजींनी पहिल्या वर्षी तोंड वाकडे केले, दुसऱ्या वर्षी ते पुढच्या रांगेत बसले. नाटक तीन अंकांवरून दोन अंकांवर आले आणि गंमत म्हणजे नाट्यस्पर्धेच्या वेळेत नेमके बसले. आता गावातली मंडळी नाटक निवडतानाच स्पर्धेचे निवडतात, म्हणजे एका सेटवर दोन्ही भागते. आठ पात्रे, एक घर, एक सोफा. पूर्वी गावातल्या चाळीस माणसांना काही ना काही काम मिळे, भालदार-चोपदार का होईना. आता बत्तीस माणसे प्रेक्षक झाली. हा निर्णय कुणी, कोणत्या सभेत घेतला? माझ्याकडची सगळी इतिवृत्ते चाळा, एकाही ठरावात सापडणार नाही.

स्पर्धेबद्दल मी काही बोललो की लोक म्हणतात, तुम्हांला बक्षीस मिळाले नाही म्हणून. खरेच मिळाले नाही. एका भजनी स्पर्धेत आमच्या बुवांनी अभंगाला हात घातला आणि त्यांची तंद्री लागली. पखवाजवाल्या काकांनी डोळे मिटले. समोर टेबलावर घंटी. ती वाजली, बुवांना ऐकू गेली नाही. दुसऱ्यांदा वाजली. स्वयंसेवक पोरगा विंगेतून हळू आवाजात म्हणाला, “बुवा, वेळ जालो, पुरो करात.” बुवांनी गौळण अर्ध्यावर सोडली, कायद्याने गुण कापले गेले. परीक्षक भले माणूस होते, नंतर येऊन पाया पडले आणि म्हणाले, ‘मला हे भजन रात्रभर ऐकायचे होते, पण तक्त्यात त्याला रकाना नाही.’ त्यांचे बरोबर आहे. पाच-पंचवीस मंडळे ऐकायची तर घड्याळ लागते. पण घरी आल्यावर आम्ही काय केले? सरावालाच घड्याळ ठेवले. पुढच्या वर्षी एकादशीचे भजनही त्याच मापाने संपू लागले. देवळात कुणी घंटी घेऊन बसले नव्हते. घंटी आमच्या डोक्यात वाजत होती.

शिगम्याचे तुम्हांला सांगायला नको. मांडावर, म्हणजे गावच्या पवित्र जागेवर, नमन घालून निघणारा रोमटामेळ (ढोल-ताशांसह नाचत निघणारा गावचा मेळ) आणि शहरातल्या मिरवणुकीत परीक्षकांच्या मंचासमोर नाचणारा रोमटामेळ, दोन्ही पाहिले आहेत ना? दुसऱ्यात सगळ्यांचे फेटे एका रंगाचे, पावले एका मापाची, आणि मंचासमोर आल्यावर जोर दुप्पट. मंच मागे पडला की ढोल थंड. बक्षिसाच्या पैशांतून गावात नवे ढोल आले हेही खरे. मी कुणाला शिव्या घालत नाही, फक्त तोंड कुणाकडे वळले आहे ते पाहा म्हणतो.

आणि आता फोटो. एका अनुदानाच्या अटीत होते की कार्यक्रमाचे छायाचित्र हवे, त्यावर ठिकाण, तारीख, वेळ उमटलेली हवी आणि बॅनर स्पष्ट दिसला पाहिजे. सप्ताहाची रात्र, दीड वाजलेला. बुवा ‘जय जय राम कृष्ण हरी’च्या गजरात. सहसचिवाने मोबाईल काढला, ॲप चालू केले, बॅनर मागे लावला होता तो दिसेना. म्हणून दोघा पोरांनी बॅनर उचलून पुढे धरला. समई बॅनरच्या मागे गेली. मग तो म्हणाला, जरा सगळे इकडे बघा. भजनी देवाकडे पाठ करून मोबाईलकडे वळले. फोटो मीच फायलीत लावला, खाली लिहिले : ‘लाभार्थी : २५०.’ देवळात चौतीस माणसे होती, त्यांतली सहा झोपलेली.

हा आकडा मी लिहिला. सगळे लिहितात म्हणून लिहिला, कमी लिहिला तर पुढच्या वर्षी रक्कम कमी होईल म्हणून लिहिला.

पुतणी म्हणते, मेयर आणि रोवन यांनी हेही सांगून ठेवले आहे : अशा संस्था कागद आणि काम यांत फट ठेवतात. कागद बाहेरच्यांसाठी, काम आतल्या रीतीने. ती ही गोष्ट दोष म्हणून सांगत होती. मला आधी हायसे वाटले. फटीमुळेच तर आम्ही तगलो! नाही तर वृक्षारोपण, रक्तदान, स्वच्छता अभियान, युवा सक्षमीकरण ही आमच्या वार्षिक अहवालातली सगळी कलमे खरोखर करत बसलो असतो तर भजनाला वेळ कधी मिळाला असता? दोन रोपे लावली, फोटो काढला, गुरांनी खाल्ली.

लोखंडी पिंजरा असा शब्द या विषयात नेहमी येतो. मूळ जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरचा. पण जर्मन जाणणारे सांगतात की त्याने पिंजरा म्हटलेच नव्हते, पोलादासारखे टणक कवच म्हटले होते. १९३० च्या इंग्रजी अनुवादात त्याचा पिंजरा झाला. मला कवच जास्त पटते. कासवाला पाठ जड असते, पण तिच्याखाली ते जिवंत असते. अडचण तेव्हा होते, जेव्हा आत कासव उरत नाही आणि पाठ मात्र दरवर्षी नूतनीकरण करून, ऑडिट होऊन, शिक्क्यासकट जागेवर असते. गोव्यात अशी रिकामी पाठ असलेली मंडळे किती ते तुम्ही आपापल्या पंचायतीपुरते मोजा.

उलटही घडते, ते सांगितले नाही तर मी खोटा ठरेन. भजनी स्पर्धांत महिलांचा वेगळा गट आला. आमच्या पंचायत सदस्याला वाटले, आपल्या वाड्याचेही एक पथक हवे. सात-आठ बायकांना गोळा केले, साड्या एका रंगाच्या घेतल्या, पेटीवर मी बसलो. सगळे स्पर्धेपुरते, शुद्ध कागदी. त्या पहिल्या वर्षी शेवटून दुसऱ्या आल्या. दुसऱ्या वर्षी मला वाटले संपले. पण त्यांनी दर सोमवारी देवळात बसायचे सोडलेच नाही. माझ्या वहिनी, ज्यांनी घरात कधी मोठ्याने हाक मारली नाही, त्या आज गजर सांगतात. तो रकाना कुण्या कार्यालयात बसून कुणी तरी आखला असेल. त्याचे उपकार मी मानतो. डब्याचेही तसेच : ऑडिट सुरू झाल्यावर कळले की पत्र्याच्या डब्यातून वर्षानुवर्षे कुणी तरी सुट्टे पैसे उचलत होते. कोण ते मला माहीत आहे, तो आता देवाघरी आहे.

मग माझे म्हणणे काय? फाईल फाडा असे नाही. फाईल ठेवा, नीट ठेवा. पण सचिव मंडळींनो, आधी कार्यक्रम आणि मग फाईल, हा क्रम आपल्या हातात आहे. आपल्यापैकी बरेच जण आता आधी योजनेचे पत्रक वाचतात आणि त्यात बसेल असा कार्यक्रम शोधतात. मी तीन वर्षे तसे केले. लाभार्थी खरे लिहायला मी गेल्या वर्षी सुरुवात केली. ‘चौतीस’ लिहिले. रक्कम कापली गेली नाही. कुणी वाचलेच नसावे, किंवा तिथेही एखादा आपल्यासारखा उंबरठ्यावर बसलेला असेल, ज्याला खरा आकडा पाहून बरे वाटले असेल.

वर्षातली एक रात्र फायलीबाहेर ठेवा. आम्ही कार्तिकी एकादशी ठेवली आहे. बॅनर नाही, ॲप नाही, घड्याळ नाही. खर्च डब्यातून. पखवाजवाले काका त्या रात्री येतात. वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास भजन न तुटता चालते, बसलेला उठायच्या आधी पुढचा बसतो. ते पाहून आम्ही ही रात्र सुरू केली. म्हणजे हीसुद्धा नक्कलच. पण कुणाची नक्कल करायची ते तरी आपण ठरवले.

आणि एकदा सगळ्यांनी मिळून खात्याकडे एवढे मागू : अनुदानाच्या अर्जात रात्रभर चालणाऱ्या भजनाला, मांडाच्या शिगम्याला, पालखीनंतरच्या बिनमाईकच्या नाटकाला एक रकाना द्या. एकट्याने मागितले तर ‘त्रुटी’ म्हणून परत येते. पन्नास सचिवांच्या सह्या असतील तर निदान कुणी तरी मान वर करून पाहील. मसुदा मी लिहून ठेवला आहे. कृपा करून तो तसाच झेरॉक्स करू नका, आपल्या गावाच्या ओळी आपण घाला.

राहता राहिली मासळी. उद्देश बदलायचा तर कायद्याच्या कलम १२ प्रमाणे खास सभा, तीन-पंचमांश मते, आणि महिन्याभराने पुन्हा दुसरी खास सभा घेऊन तेवढ्याच मतांनी शिक्कामोर्तब. एका ओळीसाठी दोन सभा. पहिलीची नोटीस देवळाच्या फळ्यावर लावली. काल दुकानदार खजिनदार ती वाचून माझ्याकडे आला आणि म्हणाला, राहू दे ना ती, काय बिघडते, उद्या मत्स्य खात्याची एखादी योजना आली तर उपयोगी पडेल. मी त्याला सभेला ये म्हटले आहे. हात वर करायचा की नाही ते त्याने तिथे ठरवावे.

आपला,
डिचोली तालुक्यातला एक मावळता सचिव